हैदराबाद निधी : परदेशी बँकेतील ठेव आणि वारसाहक्काचा इतिहास (१९४८ ते २०२०)

प्रस्तावना :

वारसा हा शब्द उच्चारला की शेतजमीन, घर, दागदागिने व भांडीकुंडी डोळ्यांसमोर येतात. जमिनीच्या वारसाची नोंद ठेवणारी सातबारा उतारा, फेरफार व मालमत्तापत्रक ही व्यवस्था महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. वडील वारल्यानंतर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा लागतो, हे निरक्षर शेतकऱ्यासही ठाऊक असते. बँकेतील ठेव हा त्या मानाने अलीकडचा प्रकार होय. परदेशातील बँकेत ठेवलेली ठेव तर त्याहून वेगळी. तिची नोंद गावच्या दप्तरात नसते, खाते ज्या देशात आहे तेथील कायदा व वारस ज्या देशात राहतो तेथील कायदा असे दोन कायदे तिला एकाच वेळी लागू होतात, आणि खातेदाराच्या मृत्यूनंतर त्या दोहोंची सांगड घालण्याचे काम बहुधा त्या विषयाची काहीच माहिती नसलेल्या मुलांवर येऊन पडते.

या विषयाचे ऐतिहासिक अंग आपल्याकडे फारसे अभ्यासले गेलेले नाही. परकीय चलनाचा इतिहास अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी लिहिला, वारसा कायद्याचा इतिहास विधिज्ञांनी लिहिला. परंतु या दोन प्रवाहांचा संगम जेथे होतो त्या परदेशी खात्याच्या वारसाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत निबंधात हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या लंडन येथील निधीचा अभ्यास केला आहे. मराठवाडा ज्या संस्थानाचा भाग होता त्या संस्थानाच्या तिजोरीतून गेलेली ही रक्कम वारसांच्या हाती पडण्यास ७१ वर्षांहून अधिक काळ लागला.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. एक, हैदराबाद निधीचा वाद कसा उद्भवला व कसा मिटला याचा कालानुक्रमे मागोवा घेणे. दोन, वृद्ध खातेदाराने हयातीत केलेल्या तजविजीचे या वादातील स्थान तपासणे. तीन, भारतातील परकीय चलनविषयक कायद्यांत झालेल्या बदलांच्या पार्श्वभूमीवर सामान्य कुटुंबांना या इतिहासातून काय घेता येईल याचा विचार करणे. त्यासाठी प्रकाशित न्यायनिर्णय व कायद्यांच्या तरतुदी यांचा आधार घेऊन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धती अवलंबिली आहे.

निधीचा उगम : सप्टेंबर १९४८ :

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्यानंतरच्या काळात रझाकारांचे अत्याचार, सीमेवरील चकमकी आणि राज्यातील जनतेचा मुक्तिसंग्राम यांमुळे परिस्थिती चिघळत गेली. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. त्या शिष्टमंडळाचे नेतृत्व निजाम सरकारातील मंत्री मोईन नवाज जंग यांच्याकडे होते. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात हाच दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत हैदराबाद सरकारचे खाते होते. संस्थानाच्या अखेरच्या या दिवसांत त्या खात्यातील १०,०७,९४० पौंड व ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे ब्रिटनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहीम रहिमतुला यांच्या नावे वळविण्यात आली. तेव्हाच्या विनिमयदराने, म्हणजे एका रुपयास १ शिलिंग ६ पेन्स या हिशेबाने, ही रक्कम सुमारे १ कोटी ३४ लाख रुपये होते. रहिमतुला हे मूळचे मुंबईचे. मुंबईच्या सार्वजनिक जीवनातील एक अग्रणी व मध्यवर्ती कायदेमंडळाचे माजी अध्यक्ष सर इब्राहीम रहिमतुला यांचे ते पुत्र होत. ही रक्कम आपण आपल्या नावे विश्वासाने सांभाळू, अशा आशयाचे पत्र त्यांनी हैदराबादच्या लंडनमधील प्रतिनिधीस दिले होते. पुढे ७० वर्षे चाललेल्या वादात काही ओळींच्या या पत्रास फार मोठे महत्त्व आले.

२७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने बँकेस कळविले की, हे हस्तांतरण आपल्या संमतीविना झालेले असून रक्कम पूर्ववत् जमा करावी. बँकेने त्यास नकार दिला. खाते आता दुसऱ्याच्या नावे होते आणि त्या दुसऱ्याची संमती नव्हती. बँकेचा स्वतःचा या पैशावर कोणताही हक्कसांगावा नव्हता. तिला केवळ ही रक्कम कोणास द्यावी याचे निःसंदिग्ध उत्तर हवे होते. असे उत्तर मिळेपर्यंत पैसा जागचा हलला नाही. दहा दिवसांच्या आत घेतलेली हरकतही उपयोगी पडली नाही.

न्यायालयाचे बंद झालेले दार : १९५४ ते १९५७ :

निजामाने १९५४ मध्ये लंडनमध्ये दावा दाखल केला. हा दावा रहिमतुला विरुद्ध हैदराबादचे निजाम या नावाने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासक्रमात आजही शिकविला जातो. अपील न्यायालयाने निजामास अनुकूल भूमिका घेतली. परंतु ब्रिटनमधील तत्कालीन सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर १९५७ मध्ये ती फिरविली. रहिमतुला यांनी ही रक्कम पाकिस्तानचे अधिकारी या नात्याने स्वीकारलेली असल्याने हा दावा वस्तुतः एका सार्वभौम राष्ट्राविरुद्धचा दावा ठरतो, आणि सार्वभौम राष्ट्रास त्याच्या संमतीविना न्यायालयात खेचता येत नाही, असे त्या निर्णयाचे सार होते.

या निर्णयाने पैसा कोणाचा हे ठरविले नाही, हे येथे आवर्जून नमूद करणे आवश्यक आहे. प्रश्न विचारण्याचे दारच बंद झाले. पाकिस्तानची संमती असल्याशिवाय निजामास दावा चालविता येईना आणि निजामाची संमती असल्याशिवाय बँक पाकिस्तानला पैसे देईना. अशा रीतीने ही रक्कम गोठली.

वृद्ध निजामाची तजवीज : १९६३ ते १९६७ :

मीर उस्मान अली खान यांचा जन्म १८८६ चा. १९११ मध्ये ते गादीवर आले. १९३७ मध्ये अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून त्यांचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले होते. संस्थान गेल्यानंतर आपल्या अफाट मालमत्तेची व्यवस्था लावण्यासाठी त्यांनी अनेक विश्वस्त निधी स्थापन केले. त्यांपैकी १९५१ च्या जडजवाहीर विश्वस्त निधीतील दागिने भारत सरकारने १९९५ मध्ये सुमारे २१८ कोटी रुपयांस विकत घेतले, हे सर्वज्ञात आहे. भारतात असलेल्या मालमत्तेचीही व्यवस्था लागण्यास चार दशके लागली, तर परदेशातील वादग्रस्त खात्याचे काय होणार याची कल्पना त्यांना असणारच.

१९६३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, निजामाने लंडनच्या या निधीवरील आपला हक्क मुकर्रम जाह व मुफख्खम जाह या दोन नातवांच्या लाभासाठी विश्वस्त व्यवस्थेत घातला. हे दोघे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांचे पुत्र होत. निजामाने वारसाच्या बाबतीत पुत्रास डावलून नातवांस पुढे केले होते. येथे व्यक्तिगत कायद्याचा एक मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे. मुस्लीम कायद्यानुसार, इतर वारसांची संमती नसल्यास, मृत्युपत्राने सर्वसाधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेचीच विल्हेवाट लावता येते. हयातीत केलेल्या व्यवस्थेस ही मर्यादा त्याच स्वरूपात लागू होत नाही. म्हणून हयातीत केलेले विश्वस्तपत्र आणि मरणोत्तर अंमलात येणारे मृत्युपत्र यांतील फरक या घराण्याच्या दृष्टीने निर्णायक होता.

परंतु दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, याच निधीवरील आपला हक्क निजामाने भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे करून दिला. यामागे राजकीय कारण असावे असे अनुमान करता येते. पाकिस्तानसारख्या सार्वभौम राष्ट्राशी झगडण्यास एका माजी संस्थानिकापेक्षा दुसरे सार्वभौम राष्ट्रच समर्थ होते. मात्र त्यामुळे एकाच रकमेविषयी एकाच व्यक्तीचे दोन दस्तऐवज अस्तित्वात आले : एक नातवांच्या लाभाचा व दुसरा भारत सरकारच्या लाभाचा. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी निजामाचा मृत्यू झाला तेव्हा पैसा गोठलेला, न्यायालय बंद आणि मागे दोन परस्परविसंगत कागद अशी स्थिती होती.

निकाल : २०१३ ते २०२० :

त्यानंतरच्या सुमारे पाच दशकांत वाटाघाटी झाल्या, परंतु निष्पन्न काही झाले नाही. दरम्यान वेस्टमिन्स्टर बँकेचे विलीनीकरण होऊन नॅशनल वेस्टमिन्स्टर बँक झाली, १९७१ मध्ये ब्रिटनने दशमान नाणेपद्धती स्वीकारल्याने मूळ रकमेतील ९ शिलिंगांचे शिलिंगच चलनातून गेले, आणि व्याजाची भर पडत मूळची दहा लाख पौंडांची रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर पोहोचली. मूळ व अंतिम रक्कम लक्षात घेता चक्रवाढीचा सरासरी वार्षिक दर सुमारे ५ टक्के येतो.

२०१३ मध्ये पाकिस्ताननेच बँकेविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात कार्यवाही सुरू केली. जो स्वतः न्यायालयात येतो त्यास सार्वभौमत्वाची ढाल वापरता येत नाही. ५६ वर्षे बंद असलेले दार अशा रीतीने ज्याच्या हाती किल्ली होती त्यानेच उघडले. पुढे पाकिस्तानने हा दावा मागे घेण्याचा प्रयत्न केला, परंतु न्यायालयाने तो मान्य केला नाही.

यानंतर नातू व भारत सरकार यांनी घेतलेला निर्णय या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. १९६३ चे विश्वस्तपत्र खरे की १९६५ चे हस्तांतरण खरे, हा वाद न्यायालयापुढे लढविण्याऐवजी त्यांनी २०१८ मध्ये आपसांत गोपनीय समझोता केला व एका बाजूने पाकिस्तानविरुद्ध उभे राहिले. जून २०१९ मध्ये सुनावणी झाली. ही रक्कम शस्त्रास्त्रांच्या पुरवठ्यापोटी दिलेली होती, किंवा ती भारताच्या हाती पडू नये म्हणून पाकिस्तानला दिलेली होती, असे पाकिस्तानचे प्रतिपादन होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी ते फेटाळले. रक्कम सातव्या निजामांसाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली होती, आणि निजामांच्या हक्कातून हक्क सांगणारे, म्हणजे दोघे नातू व भारत, तिचे लाभार्थी आहेत, असा निर्वाळा त्यांनी दिला. भारतीय चलनात ही रक्कम ३०० कोटी रुपयांहून अधिक होती. पाकिस्तानने विरुद्ध पक्षांच्या न्यायालयीन खर्चाचा ६५ टक्के भाग सोसावा, असाही आदेश डिसेंबर २०१९ मध्ये झाला. निजामाच्या इतर वंशजांनी आपल्यालाही हिस्सा मिळावा म्हणून केलेला प्रयत्न २०२० मध्ये त्याच न्यायालयात अयशस्वी ठरला. आठवे निजाम मुकर्रम जाह यांचे १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूल येथे निधन झाले. तेव्हा निकालास जेमतेम सव्वातीन वर्षे झाली होती.

वारस कोण? कुटुंब की प्रजा? :

कायद्याच्या दृष्टीने वाद येथे संपला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक प्रश्न उरतो. मूळ खाते हैदराबाद सरकारचे होते. त्या सरकारचा महसूल ज्या प्रदेशांतून येत असे त्यांत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषक जिल्हेही होते. या जिल्ह्यांतील रयतेने भरलेला सारा ज्या तिजोरीत जमा होई तिचाच एक अंश लंडनच्या खात्यात होता. अनियंत्रित राजेशाहीत राज्याचा पैसा व राजाचा पैसा यांच्यातील सीमारेषा पुसट असते. न्यायालयापुढे दावेदार होते ते दोन देश व एक राजघराणे. प्रजा दावेदार नव्हती.

भारत सरकार या दाव्यात पक्षकार होते आणि त्या प्रमाणात सार्वजनिक हक्काचे प्रतिनिधित्व झाले, असे कोणी म्हणेल. ते मर्यादित अर्थाने खरे आहे. परंतु भारताचा हक्क हैदराबाद राज्याच्या जनतेचा उत्तराधिकारी म्हणून नव्हे, तर निजामाकडून मिळालेला हक्क म्हणून मान्य झाला, ही बाब दृष्टीआड करता येत नाही. खाते कोणाच्या नावे आहे आणि ते नाव व्यक्तीचे आहे की पदाचे, या तांत्रिक वाटणाऱ्या प्रश्नात किती मोठा सामाजिक आशय दडलेला असू शकतो, याचे हे उदाहरण होय. तोच प्रश्न रहिमतुला यांच्या नावाबाबतही उद्भवला होता. ते पैसे त्यांना व्यक्ती म्हणून मिळाले असते तर ते त्यांच्या वारसांच्या विचाराचा विषय झाले असते. पद म्हणून मिळाल्याने ते पाकिस्तानच्या ताब्यातील ठरले आणि १९५७ चा निर्णय त्या एका मुद्द्यावर फिरला.

भारतीय कायद्याचा बदलता पट :

निजामाचा निधी गोठलेला असताना भारतात परदेशी खात्याचा अर्थच बदलत गेला. परकीय चलनावरील नियंत्रण भारतात प्रथम सप्टेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या निमित्ताने आले. युद्ध संपले तरी नियंत्रण राहिले आणि १९४७ च्या परकीय चलन विनियमन कायद्याने त्यास शांतताकालीन रूप मिळाले. १९७३ चा, १ जानेवारी १९७४ पासून लागू झालेला 'फेरा' कायदा अधिक कठोर होता. त्याचा मूळ दृष्टिकोन असा की, भारतीय निवासी व्यक्तीचे परकीय चलन ही देशाची दुर्मीळ संपत्ती असून रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना ते बाळगणे हा गुन्हा होय. याच काळात १९५३ चा संपदा शुल्क कायदा मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर कर आकारीत होता. तो मार्च १९८५ पर्यंत चालला. परिणामी परदेशात खाते असलेल्या आईवडिलांनी ते मुलांपासूनही लपवून ठेवावे, अशी सवय त्या पिढीस लागली असल्यास नवल नाही. मौन हे या काळातील कायद्याचे अपत्य होते.

१ जून २००० पासून 'फेमा' कायदा लागू झाला आणि गुन्ह्याची भाषा जाऊन व्यवस्थापनाची भाषा आली. या कायद्याच्या कलम ६ (४) नुसार भारतात निवासी असलेली व्यक्ती परदेशी चलन, रोखे वा स्थावर मालमत्ता बाळगू शकते. मात्र ती तिने परदेशात निवासी असताना मिळविलेली असावी, किंवा परदेशात निवासी असलेल्या व्यक्तीकडून वारसाने मिळालेली असावी. म्हणजे दुबईत तीस वर्षे नोकरी करून परतलेल्या वडिलांस तेथील खाते कायम ठेवता येते. परंतु ते वडील भारतात परतून, येथील निवासी होऊन वारले, तर त्यांच्या मुलाचा वारसा कलमाच्या शब्दांत नेमका कसा बसतो, हा अर्थ लावण्याचा प्रश्न ठरतो. अशा वेळी परकीय चलनव्यवहाराचा परवाना असलेल्या बँकेकडून लेखी मार्गदर्शन घेणेच इष्ट होय.

पुढचा टप्पा पारदर्शकतेचा. २०१२ च्या वित्त कायद्याने निवासी करदात्यांस परदेशी मालमत्तेचा तपशील विवरणपत्रात देणे आवश्यक केले. १ जुलै २०१५ पासून काळा पैसा (अघोषित परदेशी उत्पन्न व मालमत्ता) कायदा लागू झाला. त्यानुसार तपशील न दिल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर मालमत्ता वगळता एकूण २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेस हा दंड लागू होत नाही. तपशील देण्याचे कर्तव्य मात्र कायम आहे. वारसाने मिळालेली मूळ रक्कम उत्पन्न मानली जात नाही, परंतु वारसाच्या नावे झाल्यानंतर तीवर मिळणारे व्याज त्याचे उत्पन्न ठरते. त्यातच खात्यांच्या माहितीची देशोदेशींमधील स्वयंचलित देवाणघेवाण २०१७ पासून भारतासही लागू झाली. स्वित्झर्लंडकडून अशी पहिली माहिती भारतास सप्टेंबर २०१९ मध्ये मिळाली. 'फेरा'च्या काळात संरक्षक वाटणारे मौन आता वारसांसाठी धोक्याचे झाले आहे.

साकीनाका परिसर आणि सामान्य कुटुंबे :

राजघराण्याच्या या कथेचा सामान्यांशी काय संबंध, असा प्रश्न वाचकास पडू शकेल. अंधेरी-कुर्ला मार्गावरील साकीनाका हा लहानमोठ्या यंत्रशाळांचा, दाट वस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय विमानतळास लागून असलेला परिसर आहे. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत बांधकामाची लाट आली. मुंबईच्या उपनगरांतून व कोकणातून फिटर, वेल्डर, वीजतंत्री, वाहनचालक, कारकून व परिचारिका तिकडे गेल्या. त्या पिढीतील जे परतले ते आता वार्धक्यात आहेत. काहींची तेथील बचत खाती अद्याप चालू आहेत, तर काहींच्या खात्यांत सेवासमाप्तीच्या रकमेतील शेष पडून आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांचा आणि कित्येक सहकारी प्राध्यापकांच्या आईवडिलांचा हा इतिहास आहे. रक्कम निजामाच्या तुलनेत नगण्य असली तरी त्या घरासाठी ती नगण्य नसते.

या कुटुंबांपुढे येणाऱ्या अडचणी हैदराबाद निधीतील अडचणींच्याच लहान आवृत्त्या आहेत. पहिली अडचण नावाची. संयुक्त खाते असले म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खातेदाराच्या मृत्यूनंतर, संयुक्त खाते असले तरी, मृताच्या हिश्शाची रक्कम वारस निश्चित होईपर्यंत रोखली जाते. नामनिर्देशनाबाबतही असाच गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण त्यामुळे मालक होत नाही, हे तत्त्व भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या संदर्भात सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रातून उद्भवलेल्या प्रकरणात समभाग व रोख्यांच्या संदर्भातही न्यायालयाने हीच भूमिका घेतली. निजामाच्या प्रकरणात रहिमतुला यांच्या नावाचे जे झाले तेच येथे नामनिर्देशिताचे होते : खात्यावर नाव असणे व लाभाचा हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

दुसरी अडचण कागदाची. परदेशी बँकेस मृत्यूचा दाखला, वारसत्वाचा न्यायालयीन दस्तऐवज आणि त्यांचे प्रमाणीकरण हवे असते. भारत २००५ पासून ॲपोस्टिल कराराचा सदस्य आहे; त्यामुळे ब्रिटन, अमेरिका, ओमान, बहरीन व सौदी अरेबिया या सदस्य देशांत एकाच प्रमाणपत्राने काम भागते. जे देश या करारात नाहीत, तेथे दूतावासामार्फत साक्षांकन करून घ्यावे लागते. कागदाअभावी हक्क कसा लोपतो याचे जगातील सर्वांत वेदनादायक उदाहरण स्वित्झर्लंडमधील ज्यू खातेदारांचे. छळछावण्यांत मारल्या गेलेल्यांच्या मुलांकडे बँकांनी मृत्यूचा दाखला मागितला. असे दाखले कोणी दिलेलेच नव्हते. अखेर १९९८ मध्ये मोठ्या स्विस बँकांनी १२५ कोटी डॉलरचा समझोता केला. तोवर अर्धशतक उलटून गेले होते आणि अनेक वारस हयात नव्हते.

तिसरी अडचण कायद्याच्या निवडीची. अमिरातीत मृत्युपत्र नसल्यास तेथील न्यायालय काय करील, ही भीती बिगर-मुस्लीम भारतीयांस दीर्घकाळ सतावीत असे. २०१५ मध्ये दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात मृत्युपत्र नोंदणीची सोय झाली आणि फेब्रुवारी २०२३ पासून बिगर-मुस्लिमांसाठी स्वतंत्र नागरी कायदाही लागू झाला. तथापि, मुंबईत केलेले एकच मृत्युपत्र सर्व देशांस पुरेल असे गृहीत धरता येत नाही. दोन देशांत दोन मृत्युपत्रे केल्यास दुसऱ्यातील नेहमीच्या शब्दांनी पहिले रद्द तर होत नाही ना, हे पाहणे अत्यावश्यक ठरते. १९६३ व १९६५ च्या दोन दस्तऐवजांतील विसंगती निस्तरण्यास निजामाच्या नातवांस २०१८ साल उजाडावे लागले.

चौथी अडचण काळाची. ब्रिटनमध्ये २००८ च्या कायद्यानुसार १५ वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम सार्वजनिक कार्यासाठी वळविता येते. मालकाचा हक्क मात्र राहतो. स्वित्झर्लंडमध्ये ६० वर्षे संपर्क नसलेल्या खात्यांची यादी डिसेंबर २०१५ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तीत भारतीयांशी संबंधित काही खातीही होती. हक्क सांगण्यास ठरावीक मुदत असते आणि ती संपल्यावर रक्कम तेथील शासनाकडे जाते. खाते होते हेच वारसांना माहीत नसेल तर मुदतीचा उपयोग नाही.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) परदेशी खात्याचा वारसा रक्ताच्या नात्यावरून आपोआप ठरत नाही, खाते कोणत्या नावे, कोणत्या नात्याने व कोणत्या लेखी आधारावर उघडले गेले यावरून ठरतो. रहिमतुला यांच्या पत्राने सात दशकांनंतर दिलेली साक्ष हे त्याचे प्रमाण होय.

२) वृद्ध खातेदाराने हयातीत तजवीज करणे आवश्यक आहे, परंतु एकाच रकमेविषयी परस्परविसंगत दस्तऐवज मागे ठेवणे हे तजवीज न करण्याइतकेच घातक ठरू शकते.

३) वारसांतील समझोता हा न्यायालयीन विजयाचा पर्याय नसून त्याची पूर्वअट ठरू शकतो, हे २०१८ च्या घटनेवरून दिसते.

४) १९३९ ते २००० या काळातील नियंत्रणांनी एका पिढीस परदेशी खात्याविषयी मौन बाळगावयास लावले. आजच्या कायद्यात त्या मौनाची किंमत पुढील पिढीस मोजावी लागते. म्हणून आईवडील बोलते असतानाच खात्याचा देश, बँक, नाव, खात्याचे स्वरूप व त्याचे कागद यांची नोंद कुटुंबाने करून ठेवणे अगत्याचे आहे.

५) हैदराबाद निधीच्या बाबतीत मराठवाड्यासह संपूर्ण संस्थानातील प्रजेचा नैतिक हक्क कोणत्याही न्यायालयापुढे मांडला गेला नाही. संस्थानी खजिन्यांच्या परदेशातील ठेवींचा अभ्यास या दृष्टीने पुढे नेण्यास संशोधकांस मोठा वाव आहे.

आईवडिलांशी त्यांच्या मरणोत्तर व्यवस्थेविषयी बोलणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. सातव्या निजामांस वकील, सल्लागार व पैसा यांची वाण नव्हती, तरीही त्यांची इच्छा पूर्ण होण्यास त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ज्या घरात यांपैकी काहीच नाही तेथे हे बोलणे पुढे ढकलणे अधिक महागात पडते, एवढे या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.